पार्सलचा खर्च वाढल्यावर काय बदललंत? ठाणे-नवी मुंबईच्या घरगुती विक्रेत्यांचा अनुभव धागा

२०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे डॉक्युमेंटचे नवे दर लागू झाले. त्याआधीचे दर २०१२ चे होते. दीडशे-दोनशे रुपयांची वस्तू विकणाऱ्याला ही वाढ थेट नफ्यात लागते. या धाग्यावर कृपया उपयोगी पडेल तेच लिहा: वजनं, मापं, हिशेब, काय केल्यावर खर्च उतरला. कुरियर कंपन्यांची नावं घेऊन तक्रारी नकोत.

घोडबंदर रोड : भेटकार्डं, बुकमार्क, प्रिंट

"सगळंच महाग झालं" असं म्हणून सरसकट किंमत वाढवू नका, आधी स्पीड पोस्टचा दरतक्ता नीट वाचा. पूर्वी वजनाचे टप्पे ५०, २०० आणि ५०० ग्रॅमचे होते. आता मधला टप्पा २५० ग्रॅमचा आहे. सगळा खेळ या बदलात आहे.

शहराबाहेर ५० ग्रॅमपर्यंत ३५ रुपये होते, ते आता ४७. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५५ रुपये ४६ पैसे. एकटं कार्ड पाठवणाऱ्याला याचा मार चांगलाच बसतो. पण २०० किलोमीटरच्या आत, म्हणजे आपल्याकडून नाशिक-पुण्याला, २५० ग्रॅमपर्यंतचा दर ५९ आहे. १२ रुपये जास्त दिले की पाचपट वजन जातं. म्हणून सुटं कार्ड विकणं थांबवून संच करणं हाच खरा उपाय.

३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा) ए-फोर कागद साधारण १९ ग्रॅम भरतो. तो दुमडून केलेलं कार्ड आणि त्याचं पाकीट मिळून २६ ग्रॅम धरा. सहा कार्डांचे १५६, आधाराचा पुठ्ठा आणि बाहेरचं पाकीट यांचे ३५, म्हणजे १९० च्या आसपास. आठ कार्डं घातली तर २४० च्या पुढे जाऊन अगदी काठावर येतं. पावसाळ्यात कागद ओल धरतो, त्यामुळे काठावर जाऊ नका, १० ग्रॅम तरी मोकळे ठेवा.

आता उलटी बाजू. २३० ग्रॅमचं पाकीट पूर्वी ५०० च्या टप्प्यात पडायचं. दिल्लीला, म्हणजे १००१ ते २००० किलोमीटरच्या पट्ट्यात, त्याला ८० रुपये लागत, आता ७२ लागतात. गुवाहाटीला ९० लागत, आता ७७. नागपूरला मात्र ६० चे ६८ झाले. म्हणजे २०० ते २५० ग्रॅममधला माल लांब पाठवणाऱ्यांचा खर्च उतरलाय. हे दर कर सोडून आहेत.

आणखी एक, हे दर डॉक्युमेंटचे आहेत. पार्सलचा दरतक्ता वेगळा. कानातल्यांची डबी, मेणबत्ती असला फुगीर माल या आकड्यांवर मोजून किंमत लावू नका. लोकल दर (५० ग्रॅमपर्यंत १९ रुपये) पिनकोडवरून ठरतो, त्यामुळे ठाण्याहून वाशी-नेरूळला पाठवताना दोन्ही पिनकोड टाकून दर आधी बघा, मगच ग्राहकाला सांगा.

नौपाडा : पुस्तकं

पुस्तकांसाठी स्पीड पोस्टची गरज क्वचितच असते. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची पुस्तकांसाठीची ज्ञान पोस्ट सेवा सुरू आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. ट्रॅकिंग मिळतं. माल जमिनीवरून जातो म्हणून वेळ जास्त लागतो. तेच ४०० ग्रॅमचं पुस्तक स्पीड पोस्टाने नाशिकला ८२ रुपये ६० पैशांना पडतं. ग्राहकाला दोन्ही पर्याय दरासकट द्या, त्याचं त्याला ठरवू द्या.

पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. ठरावीक काळाने निघणारी नियतकालिकं आणि जाहिराती असलेली प्रकाशनं यात चालत नाहीत, म्हणून दिवाळी अंक यात धरू नका. त्यांचा टपालखर्च वेगळा काढूनच किंमत जाहीर करा.

ऐरोली : मसाले, चटण्या, लोणची

खाद्यपदार्थ विकणाऱ्यांची मूळ अडचण अर्ध्या किलोच्या पाकिटात आहे. माल ५०० ग्रॅम भरला की पाऊच, खोका, चिकटपट्टी धरून पार्सल ५८०-६०० ग्रॅम होतं आणि कुरियर १ किलोचे पैसे लावतो. ४०० ग्रॅमचं पाकीट करा. ४०० अधिक पाऊच १२, तीन पदरी खोका ६० च्या आसपास, म्हणजे ४७५ च्या आत बसतं. काचेची अर्ध्या किलोची बरणी रिकामीच अडीचशे ग्रॅमच्या पुढे असते. लोणच्याला जाड उभा पाऊच वापरा, तोंड दोनदा सील करा आणि बाहेरून एक साधी पिशवी घाला. तेल झिरपतं ते बहुतेक वेळा सीलच्या कडेला मसाल्याचा कण अडकल्यामुळे, म्हणून सील करण्याआधी आतली कड कोरड्या फडक्याने पुसा.

कोपरखैरणे : कापडी पिशव्या, तोरणं

ऐरोलीच्या ताईंनी वजन सांगितलं, त्याला मापाची जोड देते. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, म्हणजे किलोतलं आकारमानी वजन. खरं वजन आणि हे, यातलं जे जास्त त्याचे पैसे. २० बाय १५ बाय ८ चा खोका ०.४८ किलो होतो, अर्ध्या किलोत बसतो. पण जास्त कोंबल्याने झाकण १ सेंटिमीटर फुगलं की ०.५४, आणि पुढचा टप्पा लागला. माप नेहमी सर्वात फुगलेल्या जागी घेतात. काही कुरियर ४००० ने भागतात, तिथे हाच खोका ०.६ किलो होतो. दर विचारताना भाजक आधी विचारा.

तोरणं, कापड यांना खोकाच नको, प्लास्टिकची कुरियर बॅग पुरते. बॅग बंद करताना हवा दाबून काढा.

प्रत्येक पार्सलचे दोन फोटो ठेवा, एक वजनकाट्यावरचा आणि एक टेप लावून घेतलेल्या मापाचा, दोन्हींत लेबल दिसलं पाहिजे. वजनाचा फरक काढून बिल आलं तर वाद याच फोटोंवर सुटतो. थर्मल प्रिंटरच्या लेबलवर सेलोटेप लावू नका, छपाई फिकी पडते आणि बारकोड वाचला जात नाही.

खारघर : इमिटेशन दागिने

दरवाढीत सर्वात जास्त पैसा परत येणाऱ्या कॅश ऑन डिलिव्हरी पार्सलांत जातो. समजा जाण्याचे ८०, येण्याचे ८०, पॅकिंगचे १५. एक पार्सल परत आलं की १७५ गेले. दहात एक परत येत असेल तर उरलेल्या नऊंवर प्रत्येकी १९ रुपये चढतात. कुरियरचा खर्च आधी यूपीआयने घ्या आणि वस्तूचे पैसे दारात. ज्याला खरंच घ्यायचंय तो तेवढे देतो. आणि "फ्री शिपिंग" लिहिणं सोडा, खर्च वेगळा दाखवा. लोक रागावतील ही भीती मोठी वाटते, पण दोन वस्तू एकत्र मागवल्या की किती वाचतात हे त्यातूनच त्यांना दिसतं.

पाचपाखाडी : परदेशात पाठवायचा फराळ

अमेरिकेला पाठवणाऱ्यांसाठी थोडक्यात. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची ड्युटीमाफी (आयात शुल्काची सूट) २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद आहे. छोट्या पार्सललाही ड्युटी लागते, ती धरूनच दर सांगा. घरी केलेला फराळ एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला भेट म्हणून पाठवला तर एफडीएला (अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाला) पूर्वसूचना द्यावी लागत नाही, विकलेल्या फराळासाठी द्यावी लागते. विक्रीच्या पार्सलवर "गिफ्ट" लिहू नका. आतल्या यादीत "स्नॅक्स" असं मोघम न लिहिता चकली, शंकरपाळे, प्रत्येकाचं वजन आणि घटक इंग्रजीत लिहा.