बीटी मक्याच्या परागकणांनी फुलपाखरं खरंच मरतात का?

पाऊलवाट:
कीटकशास्त्राच्या चर्चासत्रासाठी हा विषय घेतलाय. एका लेखात मोनार्क फुलपाखराच्या अळ्या मेल्याचं ठासून सांगितलंय, दुसऱ्यात धोका जवळपास नाहीच असं. आकडे दोघांकडेही आहेत. कशावर विश्वास ठेवू? आणि मधमाश्यांचं काय?

रानवेध:
मक्यातले कीटक मोजणं हेच माझं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बीटी मका म्हणजे जिवाणूचं जनुक घातलेला, किडीला मारणारं विष स्वतःच तयार करणारा मका.

अळ्या मेल्या हे खरंच आहे. १९९९ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी रुईच्या कुळातल्या मिल्कवीडच्या पानांवर बीटी मक्याचे परागकण भुरभुरवले आणि ती पानं अळ्यांना दिली. चार दिवसांत ४४ टक्के अळ्या दगावल्या. साधे परागकण खाणारी एकही नाही. पण परागकण नजरेच्या अंदाजाने टाकले होते, मोजून नव्हे. २००१ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या शेतांत ते मोजले गेले. तुरे फुललेले असताना शेताच्या आत पानावर सरासरी १७० कण दर चौरस सेंटिमीटरला, बांधापासून दोन मीटरवर जेमतेम १४. मॉन ८१० आणि बीटी ११ या वाणांचे हजार कण असले तरी अळ्यांना तातडीची इजा दिसली नाही. इव्हेंट १७६ चे परागकण मात्र खरोखर विषारी होते. तो वाण पुढे बाजारातून गेला.

अशा शेतातलं मिल्कवीडचं पान भिंगाखाली धरून बघाच. मधल्या शिरेशी पिवळे कण दाटलेले असतात आणि त्यांत परागकोशांचे बारीक तुकडे. या तुकड्यांत विष परागकणांपेक्षा जास्त असतं. नमुना नीट चाळला नाही की प्रयोगशाळेतली मात्रा वाढते.

तरी 'काहीच होत नाही' असंही मी म्हणणार नाही. २००४ च्या अभ्यासात तुरे फुलण्याचा पूर्ण काळ बीटी परागकण खाणाऱ्या अळ्यांपैकी फुलपाखरू होईपर्यंत टिकणाऱ्या सुमारे २४ टक्क्यांनी कमी भरल्या. एवढा संपर्क फार थोड्या अळ्यांना येतो, म्हणून एकूण संख्येवरचा परिणाम किरकोळ ठरला.

शेतकीट:
क्रायसोपा या मित्रकीटकाचं काय, जो इतर किडी खातो? १९९८ च्या स्विस प्रयोगात त्याच्या अळ्या मेल्या होत्या ना?

रानवेध:
हो, पण त्यांना खायला दिलेल्या अळ्या बीटी मका खाऊन स्वतःच आजारी पडल्या होत्या. नंतर लाल कोळी देऊन पाहिलं. कोळ्याच्या अंगात विष जास्त साठतं, पण तो आजारी पडत नाही. क्रायसोपाला काही झालं नाही. निकस भक्ष्य हे कारण निघालं. खोडकिड्यावरच जगणारी परोपजीवी गांधीलमाशी मात्र खोडकिडा संपला की कमी होणारच, तिथे विषाचा प्रश्नच येत नाही.

पाऊलवाट, प्रत्येक लेखात आधी एकच बघा: तुलना कशाशी केलीय? २००७ साली ४२ शेतप्रयोग एकत्र तपासले गेले. फवारलेल्या शेतापेक्षा बीटी शेतात इतर कीटक जास्त निघाले, आणि अजिबात न फवारलेल्या साध्या मक्यापेक्षा काही गट कमी. तुमचे दोन्ही लेख बहुधा याच दोन टोकांना उभे आहेत.

मोनार्कचा खरा घात तर वेगळ्याच जनुकीय वाणांनी केला. तणनाशक सहन करणारा मका आणि सोयाबीन आल्यावर ग्लायफोसेटने शेतातलं मिल्कवीडच गेलं. १९९९ ते २०१० या काळात अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातलं ५८ टक्के मिल्कवीड नाहीसं झाल्याचा अंदाज आहे. अळी दुसरं काही खातच नाही हो! परागकणांवर इतकी वर्षं भांडलो आणि याकडे उशिरा वळलो, याचं मला फार वाईट वाटतं.

पाऊलवाट:
आणि मधमाश्या?

रानवेध:
बीटी मक्यातलं विष म्हणजे क्राय प्रथिन. त्याला चिकटायला किडीच्या आतड्यात नेमका जुळणारा रेणू (रिसेप्टर) लागतो. त्यातला क्राय१एबी हा प्रकार पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांवर चालतो. २००८ मध्ये मधमाश्यांवरचे २५ प्रयोग एकत्र पाहिले, अळ्या आणि प्रौढ माश्या दोघींच्या जगण्यावर परिणाम आढळला नाही. त्याच वर्षी जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मका पेरताना मधमाश्या मोठ्या संख्येने मेल्या, पण त्या बियाण्यावरच्या क्लोथियानिडिन या कीटकनाशकाच्या धुळीने. मका बीटी असो वा नसो, हे आवरण बियाण्याला असू शकतं. मधमाश्यांवरचा लेख वाचताना बियाणं कशाने माखलं होतं तेही शोधा.