पाकिस्तानचे अणुबॉम्ब तालिबानच्या हाती लागू शकतात का?

निवांत_गडी: टीटीपीचे (पाकिस्तानी तालिबानचे) हल्ले २०२१ला काबूल पडल्यापासून परत वाढलेत, न्यूज चॅनेलवाले तर रोज बॉम्ब पळवूनच नेतात. खरंच शक्य आहे का हे?

खडूस_काका: अरे बॉम्ब म्हणजे काय खिशात घालून न्यायची वस्तू आहे का. सिप्री या शस्त्रास्त्रांचा अभ्यास करणाऱ्या स्वीडिश संस्थेच्या अंदाजाने पाकिस्तानकडे १७० च्या आसपास आहेत, सगळं स्ट्रॅटेजिक प्लॅन्स डिव्हिजन या अण्वस्त्रं सांभाळणाऱ्या लष्करी विभागाच्या ताब्यात, आणि वॉरहेड (स्फोट होणारा भाग) वेगळं, क्षेपणास्त्र वेगळं ठेवतात असं मानतात. २००९ला तालिबानी स्वातमधून बुनेरपर्यंत आलेले, इस्लामाबादपासून शंभरेक किलोमीटर, तेव्हाही जग असंच घाबरलं होतं. नंतर आर्मीने हाकललं.

चहाबाज: काका, हाकललं ते ठीक, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रावळपिंडीत थेट जीएचक्यूत, म्हणजे लष्कराच्या मुख्यालयात घुसले ना? मे २०११ला कराचीच्या मेहरान या नेव्हीच्या तळावर मूठभर पोरं भिंत ओलांडून आत आली, दोन ओरायन टेहळणी विमानं जाळली आणि रात्रभर नेव्हीला नाचवलं. कॅमेरे कुठे नाहीत हे त्यांना कोणी सांगितलं? मला भीती बाहेरच्यांची नाही, आतल्यांची वाटते. सलमान तासीरना मारणारा त्यांचाच बॉडीगार्ड होता, पाकिस्तानातल्या पंजाबचे गव्हर्नर होते ते!

खडूस_काका: हा मुद्दा मान्य. अख्खा बॉम्ब जाणार नाही, पण आतला एखादा फितूर निघाला आणि थोडं मटेरियल बाहेर गेलं तर... कुंपणानेच शेत खाल्लं तर राखणदार काय करणार.

निवांत_गडी: झालं, आता झोप येत नाही 😐