ऑक्सिजन प्लाझ्मानंतर तागाचा तंतू कमजोर का होतो?

प्रश्न: इपॉक्सी कंपोझिटसाठी (इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये तंतू बसवून केलेलं साहित्य) ताग कमी दाबाच्या ऑक्सिजन प्लाझ्मात (विजेने पेटवलेला, विद्युतभारित कणांचा वायू) ठेवतोय: १३.५६ मेगाहर्ट्झ, १०० वॉट, १० मिनिटं. पाण्याचा थेंब लगेच जिरतो, पण एकेका तंतूची ताणशक्ती घसरली आहे. चेंबरचा दाबही लवकर उतरत नाही.

उत्तर १: दाबामागे आधी ओलाव्याचा संशय घ्या. नेहमीच्या हवेत ताग १२-१३ टक्के पाणी धरतो. निर्वातात ते सुटत राहतं आणि ऑक्सिजनऐवजी वाफेचाच प्लाझ्मा पेटतो. ८० अंशांवर निर्वात ओव्हनमध्ये रात्रभर सुकवा आणि थेट चेंबरमध्ये न्या. तरीही दाब अडला, तरच गळती शोधा.

उत्तर २: १० मिनिटं फार झाली. सुरुवातीला मेण आणि सैल थर जातो, पृष्ठभागावर कार्बोक्सिल, हायड्रॉक्सिल गट (पाणी आणि रेझिनला धरणारे ऑक्सिजनयुक्त अणुगट) येतात. हवं ते एवढंच. पुढे प्लाझ्मा सेल्युलोजच, म्हणजे तंतूला बळ देणारा मूळ पदार्थच, कुरतडतो, खड्डे पडतात आणि ताण तिथेच एकवटतो. ५० वॉटवर १, २, ३ मिनिटं करून बघा. प्रत्येक वेळेचे निदान २०-२५ तंतू ताणा. तागात जाडीचा फरक इतका असतो की पाच-सहांवरून काहीच कळत नाही.

उत्तर ३: जुडी तशीच ठेवली असेल तर आतले तंतू कोरेच राहतात. एकेरी थरात पसरा, अर्ध्या वेळेला उलटा. जुडीवरचा थेंब फटींतूनही ओढला जातो, त्यावर विसंबू नका. एकट्या तंतूवर इपॉक्सीचा थेंब घट्ट करून तो ओढून बघा, म्हणजे पकड किती ते कळेल.

प्रश्नकर्ता: प्रक्रियेनंतर तंतू साठवता येतील?

उत्तर २: नको. असर दिवसागणिक ओसरतो. त्याच दिवशी रेझिन भरा.