मदत हवी आहे: पिकअपमधलं सिलिंडर डीॲक्टिव्हेशन कसं बंद करावं?

मंडळी, गाड्यांमधल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

मी डॅलसजवळ राहतो. माझ्याकडे २०१७ ची शेव्हरले सिल्व्हराडो १५०० आहे, सेकंडहँड घेतलेली. ५.३ लिटर व्ही-८, सहा गिअरची ऑटोमॅटिक, ९० हजार मैलांच्या आसपास चालली आहे. गाडी ठणठणीत आहे: चेक इंजिनचा दिवा नाही, तेल खात नाही. एरवी ऑफिसला जाते आणि गणपतीत मंडळाचं मखर, चौरंग, स्पीकर भरलेला ट्रेलर ओढते. मला ती अजून बरीच वर्षं वापरायची आहे, म्हणून आत्ताच विचारतोय.

या इंजिनात एएफएम (ॲक्टिव्ह फ्युएल मॅनेजमेंट) आहे. हलक्या भाराला चार सिलिंडर बंद होतात आणि डॅशबोर्डवर व्ही८ च्या जागी व्ही४ दिसतं. फायरिंगचा क्रम १-८-७-२-६-५-४-३, त्यातले एकाआड एक म्हणजे १, ७, ६ आणि ४ बंद होतात. त्यांच्या लिफ्टरमध्ये (कॅमशाफ्टच्या जोराने पुशरॉड उचलणारा भाग) बारीकशी पिन असते. तेलाचा दाब आला की पिन आत सरकते, लिफ्टर जागच्या जागी दबतो, पुशरॉड हलत नाही आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात. कल्पना सुंदर आहे. पण पिन अडकली तर लिफ्टरबरोबर कॅमशाफ्टही जातो, आणि लिफ्टर बदलायचे तर दोन्ही हेड उतरवावी लागतात. थोडं पेट्रोल वाचवायला एवढी जोखीम मला पटत नाही.

मला दिसलेले मार्ग:

ओबीडी पोर्टमध्ये (गाडी तपासायच्या सॉकेटमध्ये) खोचायचा, एएफएम बंद ठेवणारा डिसेबलर. काढला की गाडी पूर्ववत.

ईसीएम म्हणजे इंजिनाचा संगणक ट्यून करून (त्यातला प्रोग्रॅम बदलून) एएफएम कायमचं बंद करणं. गाडीवर अजून एक्स्टेंडेड वॉरंटीचा करार आहे, त्यामुळे इथे हात आखडतो.

तिसरा म्हणजे साधे लिफ्टर आणि नवा कॅम टाकून पूर्ण डिलीट. चांगल्या इंजिनाला कशाला उघडायचं? हा मी सोडून दिलाय.

डिसेबलर कायम लावून ठेवला तर काही बिघडतं का? एमिशन टेस्टला अडचण येते का? कुणी वापरला असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद: स्पॅनरवाला

नमस्कार. आधी फुकटातला उपाय करून बघा. गिअर एम (मॅन्युअल) वर टाका आणि दांड्यावरच्या बटणाने पाचवर आणा. या पिढीच्या सिल्व्हराडोत एम५ ला व्ही४ लागत नाही. हायवेवर इंजिन सहाव्यापेक्षा साधारण पाव पट जास्त फिरेल, म्हणून रोजच्यासाठी हे नको. पण ट्रेलर ओढताना तसाही पाचवा गिअरच बरा. कायम व्ही८ मध्ये गाडी कशी वाटते तेही कळेल.

आवडलं तर डिसेबलर घ्या. तो संगणकातला प्रोग्रॅम बदलत नाही, त्यामुळे वॉरंटीवाल्यांकडे जाताना काढून ठेवता येतो. ट्यूनची खूण मात्र ईसीएममध्ये राहते. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, भारतात जाणार असाल, तर डिसेबलर काढूनच जा. काही डिसेबलर उभ्या गाडीतही बॅटरी ओढतात.

टेक्सासात २०२५ पासून खाजगी गाड्यांची सेफ्टी तपासणी गेली, पण डॅलस धरून काही काउंट्यांत एमिशन टेस्ट आहेच. टेस्टचा प्लग त्याच ओबीडी पोर्टात लागतो, त्यामुळे डिसेबलर काढावाच लागतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. डिसेबलरने पिनांची ये-जा थांबते, आधीच झिजलेला लिफ्टर बरा होत नाही. सकाळी थंड इंजिन सुरू करताना बॉनेट उघडून एका बाजूने टिकटिक येते का ते ऐका. कोड रीडरवर पी०३०१, ०३०४, ०३०६, ०३०७ यांपैकी मिसफायरचा (त्याच चार सिलिंडरांचा) कोड आला तर दाखवायला उशीर करू नका. आणि लिफ्टरचा सगळा खेळ तेलावर आहे. डेक्सॉस (जीएमचं तेलाचं मानक) मान्यतेचं ०डब्ल्यू-२० घाला आणि तेल बदलायला डॅशबोर्डवरचा ऑइल लाइफ मॉनिटर शून्यावर येईपर्यंत वाट बघू नका.

बाकी ही खटपट आजची नाही. १९८१ मध्ये कॅडिलॅकने व्ही८-६-४ आणलं, तेव्हाही लोक एक वायर काढून ते बंद करून घ्यायचे.

प्रतिसाद: वाटसरू

माझी रॅम १५०० आहे, ५.७ हेमी. तिच्यात याला एमडीएस म्हणतात. स्टिअरिंगवरच्या बटणाने गिअरची मर्यादा लावली की ते थांबतं. मी ट्रेलर असला की तेवढंच करतो, वेगळं काही विकत घेतलं नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. स्पॅनरवाला, तुम्ही सांगितल्यावर आज एम५ ला टाकून पाहिली. सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटर सोडला तरी व्ही८ च राहिलं. सकाळी कान देऊन ऐकलं, टिकटिक नाही. डिसेबलर मागवतोय. तेल मी ५ हजार मैलांना बदलायचं ठरवलंय. ट्रेलरच्या कामाला हे अंतर पुरे, की आणखी कमी करू?

स्पॅनरवाला

५ हजार उत्तम. मधेमधे डिपस्टिक बघत जा. या इंजिनात ८ क्वार्ट तेल मावतं, एक क्वार्ट कमी झालं तरी लगेच भरा.