घरी सगळ्यांना चालतील असे इंग्रजी पिक्चर सांगा, जुने का नवे?

ओझरकर_८७:
मंडळी एक मदत पाहिजे. पप्पा एचएएलच्या विमान कारखान्यातून रिटायर झाले, आता आम्ही इंदिरानगरला राहतो, आणि रविवारी रात्री जेवण झालं की सगळ्यांनी मिळून एक इंग्रजी पिक्चर बघायचा असं ठरलंय. ठरलंय म्हणजे मी ठरवलंय. पहिल्याच रविवारी हौसेनं ओपनहायमर लावला, तीन तासांचा, तर अर्ध्या तासात पप्पा म्हणाले हे लोक तोंडात गुळणी धरून बोलतात काय, आणि आई त्याच्या आधीच ओटा आवरायला उठून गेलेली. पप्पांचं म्हणणं इंग्रजी पिक्चर बघावेत तर जुनेच. मला ब्लॅक अँड व्हाइट दिसलं की दहा मिनिटांत जांभई येते, खोटं कशाला बोलू. चार-पाच नावं सांगा ज्यात भांडण मिटेल. मारामारी चालेल, आईसमोर रिमोट शोधावा लागेल असं काही नको.

वाड्यातला_प्रेक्षक:
भाऊ, जुनं-नवं बाजूला ठेवा. माझा पस्तीस वर्षांचा अनुभव असा की गोष्ट जेवढ्या कमी जागेत घडते तेवढी घरची माणसं जागेवर बसून राहतात, पिक्चर पाच देश फिरायला लागला की कोणीतरी उठून चहा टाकतंच.

ट्वेल्व्ह अँग्री मेन लावा, १९५७ चा, ९६ मिनिटांचा. बासू चॅटर्जींचा एक रुका हुआ फैसला पप्पांनी दूरदर्शनवर बघितला असेल तर गोष्ट माहीत असेल, तरी लावा. खटल्याचा निकाल ठरवायला एका खोलीत बसलेली ज्युरीची बारा माणसं, बाहेर मरणाचा उकाडा आणि पंखा बंद. सगळे घामाघूम. मग आभाळ भरून येतं, अंधारतं म्हणून एकजण दिवा लावतो तर पंखा सुरू, म्हणजे दोन्ही एकाच बटणावर होते आणि तासभर कोणाच्या लक्षातच आलं नाही. हे बघून पप्पा हसले नाहीत तर मला सांगा. दिग्दर्शक सिडनी लुमेट, त्याचा हा पहिलाच पिक्चर. त्यानं सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर ठेवलाय आणि शेवटाकडे खाली आणलाय, लेन्सही बदलत नेल्यात, त्यामुळं खोली तीच राहून आवळत आल्यासारखी वाटते, छत डोक्यावर यायला लागतं. हे आधी घरी सांगत बसू नका, मजा जाईल.

तुम्हाला रंगीतच पाहिजे तर हिचकॉकचा रिअर विंडो, १९५४. पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेला फोटोग्राफर समोरच्या खिडक्यांमधले संसार बघत बसतो. आमचं बालपण जुन्या नाशकात वाड्यात गेलं, तिथं चौकात कोणाकडे काय शिजतंय आणि कोण कोणाशी बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं, त्यामुळं मला तर तो पिक्चर आमच्याच गॅलरीत बसून काढल्यासारखा वाटतो.

आणि ड्युएल! हा पहिला लावा खरं तर. १९७१, टीव्हीसाठी काढलेला, स्पीलबर्ग तेव्हा चोविशीत होता. एक सेल्समन लाल गाडीतून चाललाय आणि एक गंजका टँकर त्याच्या मागे लागतो, बस, एवढीच गोष्ट. टँकरवाल्याचं तोंड दिसत नाही, हात दिसतो, बूट दिसतात. मधे हा सेल्समन ढाब्यासारख्या ठिकाणी बसतो आणि तिथल्या प्रत्येक ड्रायव्हरचे बूट बघत सुटतो की ह्यातला तो कोणता, तिथं मला दरवेळी घाम फुटतो. कसारा घाटात रात्री आरशात ट्रकचे दिवे मोठे होत जाताना ज्यानं बघितलेत त्याला सबटायटल लागणारच नाहीत.

नवा_पडदा:
काका सगळं मान्य पण ओपनहायमरवर अन्याय करू नका. तुमचाच नियम लावा की, त्यातली चौकशी एका कोंदट खोलीतच चालते आणि तिथंच पिक्चरचा जीव आहे, बॉम्बच्या स्फोटात नाही. पुटपुटण्याचं म्हणाल तर त्याचा दिग्दर्शक नोलन, त्याला सेटवर बोललेलाच आवाज ठेवायचा असतो, नंतर डबिंग करून घ्यायला तो नाखूश असतो, त्यात वरून म्युझिकचा मारा. मोठ्या पडद्यावर एकवेळ खपतं, घरच्या टीव्हीवर नाही. सबटायटल लावून परत बघा. आणि दादा, जांभई येते म्हणता पण त्यातले ब्लॅक अँड व्हाइट सीन तुम्ही बघितलेतच ना? त्यासाठी कोडॅकनं आयमॅक्सच्या, म्हणजे मोठ्या फिल्मच्या, कॅमेऱ्यात चालेल अशी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म पहिल्यांदाच बनवून दिली होती. नव्यातलं कमी जागेतलं पाहिजे तर ग्रॅव्हिटी, २०१३, दीड तासात संपतो.

गंगेवरची_सुमन:
सगळे पप्पांचं बघताय, आईचं कोण बघणार?? ती उठून गेली कारण तिला बोलणं कळत नव्हतं, कंटाळा म्हणून नाही. चॅप्लिनचा सिटी लाइट्स लावा. १९३१ मध्ये बोलपट जोरात असताना त्यानं संवादच ठेवले नाहीत, संगीत मात्र स्वतः दिलं. एक आंधळी फुलवाली आणि एक भणंग, शेवटी नुसता हातात हात येतो तिथं माझ्या सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला, त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक असलेल्या गावात मूकपट सुचवायला लागतो म्हणजे कमाल आहे.

ओझरकर_८७:
सगळ्यांचे आभार, काल ड्युएल लावला. आई पूर्णवेळ बसली!! शेवटपर्यंत विचारत होती, पण चालवतोय कोण तो ट्रक? पप्पांचं वेगळंच. त्यात पेट्रोल पंपवाला त्या सेल्समनला सांगतो की रेडिएटरचा होज, म्हणजे पाण्याचा रबरी पाइप, बदलायला झालाय आणि हा नको म्हणतो, तिथं पप्पांनी पॉज करायला लावलं आणि म्हणाले हा आता चढावर मरणार. मग खरंच चढावर गाडी तापली तर जोरात टाळी वाजवली, शेजारच्यांचा फोन आला. पुढच्या रविवारी आईसाठी सिटी लाइट्स. आज सकाळी मात्र पप्पा माझी गाडी घेऊन गॅरेजला गेलेत, होज बघायला.