मदत हवी आहे: थर्मल कॅमेऱ्याने ब्राउन फॅट मोजतोय, पण नक्की काय मोजतोय?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. बी.एस्सी. शेवटच्या वर्षाच्या पोरांच्या प्रकल्पात पार अडकलोय. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

विषय तपकिरी चरबीचा, म्हणजे ब्राउन फॅटचा. पांढरी चरबी साठवते, ही जाळते. हिच्या पेशींत मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, खच्चून भरलेले असतात आणि त्यांत यूसीपी-१ नावाचं प्रथिन असतं. त्याच्यामुळे ऊर्जा एटीपी (पेशीचं इंधन) बनवण्यात न जाता सरळ उष्णता होऊन बाहेर पडते. न कुडकुडता अंग गरम ठेवायची सोय. तान्ह्या बाळांत ती असते हे जुनंच ठाऊक होतं. मोठ्या माणसांतही कामाची ब्राउन फॅट असते हे पक्कं झालं २००९ साली, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात तीन निबंध आले तेव्हा. मोठ्या माणसात ती मुख्यतः मानेत आणि कॉलरबोनच्या वरच्या खळगीत सापडते. ही जागा कातडीपासून फार खोल नाही, म्हणून तिथलं तापमान थर्मल कॅमेऱ्याने बघायची पद्धत निघाली.

आमच्याकडे हिवाळ्यात शेतीची लाईन बरेचदा रात्रीच येते. हरभऱ्याला, गव्हाला ओलीत करायला माणसं रात्रभर दांडात उभी. वर्गात एका पोराने विचारलं, "सर, माहा बाप दरसाल दोन महिने असा थंडीत राह्यते, त्याची ब्राउन फॅट आपल्याहून जास्त असन का?" थंडीची सवय लागली की ब्राउन फॅटचं काम वाढतं हे प्रयोगांत दिसलेलं आहे, त्यामुळे प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. मी हो म्हणून बसलो.

कॅमेरा आतेभावाचा. तो जिनिंगमधले इलेक्ट्रिक पॅनल तपासतो, ढिलं कनेक्शन गरम झालं की फोटोत पांढरंफटक दिसतं. "पॅनलचा कॅमेरा माणसावर चालते का बे?" म्हणत दिला एकदाचा.

केलं ते असं. लॅबमधला पंखा बंद, पोरांना अर्धा तास खांदे उघडे ठेवून बसवलं, कॅमेऱ्यात एमिसिव्हिटी (पृष्ठभाग उष्णता किती चांगली बाहेर फेकतो तो आकडा) ०.९८ ठेवून मानेचा फोटो काढला. मग एक हात मनगटापर्यंत गार पाण्याच्या बादलीत पाच मिनिटं, की पुन्हा फोटो. पहिला बकरा मीच. पाण्याआधी खळगी ३४.९ अंश, छातीच्या मधल्या हाडावर ३३.१. पाण्यानंतर खळगी ३४.७, छाती ३१.८. दोन्हींतला फरक १.८ वरून २.९ वर गेला. पोरं टाळ्या पिटायला लागली, "सर, वाढली!"

अरे पण काय वाढलं? खळगी स्वतः ०.२ ने उतरलीच आहे. छाती जास्त गार पडली म्हणून फरक फुगला. निबंधांत मात्र असाच छातीशी तुलना करून काढलेला फरक वापरलेला दिसतो. मग हा फरक ब्राउन फॅटचा म्हणायचा की नुसत्या थंडीने छातीच्या कातडीतलं रक्त मागे सरल्याचा?

दुसरी पंचाईत, सडपातळ पोरांची खळगी भट्टीसारखी चमकते आणि माझ्यासारख्या भरल्या अंगाच्यांची मिणमिणती. आमच्यात ब्राउन फॅट कमी, की वर पांढऱ्या चरबीची वाकळ असल्याने उष्णता बाहेर येत नाही? शिवाय तोच माणूस, तीच खोली, दहा मिनिटांच्या अंतराने कॅमेरा एक अंश वेगळा आकडा देतो. डब्यावर अचूकता अधिक-उणे दोन अंश लिहिलीय. त्यात आम्ही अर्ध्या अंशाच्या गोष्टी करतोय!

कुणी या कामातलं असेल तर सांगा.

तारतम्य:
कॅमेऱ्यापुरतं बोलतो, पंधरा वर्षं कारखान्यांत हेच करतोय. दोन अंशांची चूक सहसा अख्ख्या फोटोला सारखी लागते. म्हणून एकाच फोटोतल्या दोन जागांमधला फरक बराच भरवशाचा, पण आजचा आकडा कालच्या आकड्याशी जोडू नका. त्यावर देशी उपाय आहे. स्टीलच्या गडव्यात कोमट पाणी भरा, बाहेरून काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि गडवा प्रत्येक फोटोत माणसाशेजारी ठेवा. आतल्या पाण्याचं तापमान थर्मामीटरने घ्यायचं, टेपचा भाग ०.९५ एमिसिव्हिटीला वाचायचा. कॅमेरा किती सरकलाय ते लगेच कळतं. टेप विसरू नका, उघडं स्टील आरशासारखं असतं, त्यात तुमचंच तोंड दिसेल. कॅमेरा सुरू करून वीसेक मिनिटं तापू द्या. घाम, तेल, पावडर पुसून घ्या. सावळ्या-गोऱ्या रंगाची काळजी नको, या लहरींना सगळी कातडी सारखीच.

नागपुरी_सावजी:
मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्निशियन आहे. सर, तुमच्या ज्या ब्राउन फॅटमागे तुम्ही लागलात ती आमची डोकेदुखी. पेट-सीटी स्कॅनसाठी पेशंटला किरणोत्सर्गी फ्लोरिन लावलेली साखर टोचतो, कॅन्सरची गाठ ती साखर ओढते. थंडी वाजलेल्या पेशंटची मानही ओढते, आणि मग डॉक्टर बसतात गाठ की चरबी बघत. म्हणून आम्ही एसी कमी करतो, ब्लँकेट देतो, कधी बीटा-ब्लॉकरची गोळीही दिली जाते. म्हणजे कुणी पोरगं किंवा त्याचा बाप बीपीसाठी तशी गोळी घेत असेल तर तुमचा आकडा गेलाच.

एक मात्र ध्यानात घ्या, पेटसुद्धा उष्णता मोजत नाही, साखर किती ओढली ते मोजतं. ब्राउन फॅट मुख्यतः स्वतःतली चरबीच जाळते. तुमचा कॅमेरा तर कातडीच बघतो. खळगीच्या खाली मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, ती जागा तशीही गरम राहणारच. आणि कुडकुडायला लागलं की मानेचे स्नायू तापतात. कुडकुडला तो बाद. मोजण्याआधी चहा-कॉफी नको आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा तर बिलकुल नको, कॅप्सायसिननेही ही चरबी चेतते.

पळसबन:
बाकी सगळं ठीक, पण मला बादलीची भीती वाटते. मी आरोग्य विभागात आहे, गोंदियाकडची. सर, तुमच्या वर्गात सिकलसेलची (रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) मुलं आहेत का ते आधी विचारा. थंडीने त्यांना दुखण्याचा झटका येऊ शकतो, साधं गार पाणीसुद्धा नको. तपासणी झालेल्यांकडे कार्ड असतं. चारचौघांत विचारू नका, एकेकाला बोलावून विचारा. बीपी, हृदयाचा आजार, थंडीत बोटं पांढरी पडणारे, हेही वगळा. आणि माणसांवर प्रयोग म्हणजे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नैतिक समितीची मंजुरी लागते. तुमच्याकडे समिती नसेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजला विचारा. मुलींचे फोटो कोण काढतंय?

धागाकर्ता:
ताई, पाय धरतो. मुलींचे फोटो आमच्या मॅडम वेगळ्या खोलीत काढतात एवढीच अक्कल मला होती. आज एकेकाला बोलावून विचारलं. एका पोराने पाकिटातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्याने गेल्या आठवड्यात हात बादलीत घातला होता. काही झालं नाही, पण मला रात्री झोप लागली नाही. मंजुरी येईपर्यंत प्रयोग बंद ठेवलाय.

तोवर गडवा तयार आहे. प्रकल्पाचं नावही बदललं, 'ब्राउन फॅटचे मापन' खोडून 'कॉलरबोनवरील त्वचेचे तापमान' केलं. पोरं जरा हिरमुसली. खळगी आणि छाती दोन्हींचे आकडे वेगळे लिहायचे, नुसता फरक लिहायचा नाही, असंही ठरवलं.

राहिला त्या बापांचा प्रश्न. घरी बाबांना सांगितलं की रात्री थंड पाण्यात उभं राहून चरबी बदलते का ते बघतोय. ते हसायलाच लागले. "इहिरीचं पानी हिवाळ्यात कोमट ऱ्हायते रे. पाय दांडात असले तं बरं वाटते. थंडी लागते ते वाऱ्यानं, अन् वल्ले पाय घेऊन धुऱ्यावर बसलं का." मग पऱ्हाटीच्या शेकोटीचंही सांगितलं, दर तासाला जाऊन शेकतात म्हणे.

म्हणजे थंडी किती तास, कुठे आणि किती लागते हेच आधी मोजायला हवं. स्वस्तातलं तापमान नोंदवणारं यंत्र, खिशात ठेवून रात्रभर चालेल असं, कुणी वापरलंय का? पाणी लागलं तरी टिकायला हवं.