जुना अल्बम मी आज पहिल्यांदा ऐकला, तर तो माझ्यासाठी नवाच

त्र्यंबक नाका

अलीकडेच आपल्या या मंचावर एकाने लिहिलं : "वीस-पंचवीस वर्षं जुना इंडी, म्हणजे स्वतंत्र, अल्बम आज ऐकून 'सापडला, सापडला' करणं म्हणजे गाडी गेल्यावर फलाटावर हार घेऊन येणं. त्यापेक्षा आज आपल्या गावात वाजवणाऱ्या पोरांची तिकिटं काढा." चार दिवस झाले, हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. म्हणून सविस्तर लिहितो.

2000 साली 'कंडिसा' आला तेव्हा मी अकरावीत होतो. तो काढणाऱ्या इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचं नावही कानावर आलं नव्हतं. येणार कुठून? नाशिकच्या मेन रोडवरच्या ज्या दुकानातून आम्ही कॅसेट घ्यायचो तिथे सिनेमा, आरत्या, भावगीतं आणि वरच्या बाजूला इंग्रजीचा एक खण. त्या खणात काय असेल ते मुंबईहून माल पाठवणारा ठरवायचा. मामेभाऊ मुंबईत काळा घोड्याला असलेल्या ऱ्हिदम हाऊस या कॅसेटच्या दुकानाबद्दल सांगायचा आणि मी ऐकत राहायचो. ती गाडी आमच्या स्टेशनात थांबलीच नाही. मग माझी चुकली असं कसं म्हणता?

2019 मध्ये नाशिकच्याच अंबडहून रात्रपाळी करून परतताना कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या पोराने इअरफोनचा एक कान मला दिला. 'कंडिसा'मधलं 'मा रेवा' चालू होतं. नर्मदेचं गाणं. पपया नर्सरीला उतरायचं होतं, ते सोडून मी पार सीबीएस बसस्थानकापर्यंत बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी वाचलं की त्या बँडचे गायक असीम चक्रवर्ती 2009 मध्येच गेले. घरातलं माणूस गेल्यासारखं पोटात तुटलं. काल रात्री ज्या आवाजाची ओळख झाली तो माणूस दहा वर्षांपूर्वीच गेलेला. हे मिरवणं आहे का?

आणि उशिरा आलेल्या माणसांमुळेच कितीतरी संगीत जिवंत राहिलं. कोलकात्याच्या 'मोहीनेर घोडागुली' या बँडने 1977 ते 79 मध्ये तीन लहान तबकड्या काढल्या. तेव्हा ऐकणारे मोजकेच. मोठा श्रोता मिळाला तो 1995 मध्ये जुनी-नवी गाणी एकत्र करून संग्रह निघाला तेव्हा. इंग्लंडच्या निक ड्रेक या गायकाने तीन अल्बम केले आणि 1974 ला, सव्विसाव्या वर्षी तो गेला. त्याचं 1972 चं 'पिंक मून' घराघरात पोचलं ते पाव शतकानंतर, एका मोटारीच्या जाहिरातीतून. आणि गायिका रूपा विश्वास यांचा 'डिस्को जॅझ'. 1982 साली कॅनडातल्या कॅल्गरीत केलेलं ध्वनिमुद्रण, त्यात आशिष खाँचा सरोद! भारतात निघाला आणि कुणी विचारला नाही. जग तो शोधतंय हे त्यांना कळलं तेही मुलाने नेटवर पाहिल्यामुळे. 2019 मध्ये तो अमेरिकेत पुन्हा निघाला. उशीर झाला म्हणून या सगळ्यांनी ऐकायचंच नव्हतं का?

सातपूर बेस

ते वाक्य माझं आहे, आणि मी ते मागे घेत नाही.

मी बेस वाजवतो. चौघांचा बँड, तालीम सातपूरला पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हाळ्यात दुपारी दोननंतर आत थांबवत नाही. मागच्या महिन्यात कॉलेज रोडच्या एका कॅफेत वाजवलं. चौदा माणसं. त्यातले पाच आमचेच नातेवाईक. तिसऱ्या गाण्यानंतर मालक येऊन म्हणाला, "आता जरा सिनेमातलं घ्या." आमची स्वतःची सात गाणी आहेत. सात! दोन वर्षं लागली.

तुम्ही सांगितलेली नावं मलाही प्रिय आहेत. पण "मी शोधलं" हे मला मान्य नाही. पेव्हमेंट या अमेरिकन बँडचं 'हार्नेस युअर होप्स' बघा. अल्बममधून वगळलेलं गाणं, 1999 च्या एका ईपीवर, म्हणजे चार-पाच गाण्यांच्या छोट्या तबकडीवर, मागच्या बाजूला टाकलेलं. आज स्पॉटिफायवर त्यांचं सगळ्यात जास्त ऐकलं जाणारं गाणं तेच. लोकांनी शोधलं? नाही. एक गाणं संपलं की पुढचं आपोआप लागतं, त्यात यंत्राने ते लाखो लोकांच्या ताटात वाढलं. जुन्या गाण्याच्या पाठीशी वीस वर्षांचं नाव असतं, लेख असतात. आमच्या पाठीशी सातपूरचा पत्रा. माणसाकडे दिवसाला ऐकायला एक तास असतो. तो तुम्ही गेलेल्यांना दिलात तर जिवंत माणसाने काय करायचं?

जुनी तांबट आळी

सातपूर बेस, चौदा माणसांचं वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या रागाचा पत्ता चुकलाय. तुमचा तास रात्रपाळीवाल्या या दादांनी खाल्लेला नाही. तो त्या कॅफेवाल्याने खाल्लाय, ज्याला कॉफीबरोबर ओळखीचंच गाणं हवं असतं.

आणि दादा, तुमचंही सगळं पटलं नाही. एक गाणं बसमध्ये ऐकलंत, पण अल्बम म्हणून ऐकलात का? पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमाने? मी इंडियन ओशनचाच 'डेझर्ट रेन' असा ऐकला. 1997 च्या 1 जानेवारीला दिल्लीत नाट्यकर्मी सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात वाजवलेलं आहे ते, थेट लोकांसमोर. मधून एक गाणं उचललं तर त्या संध्याकाळचा अर्धा जीव जातो. माझ्यालेखी पूर्ण ऐकला तरच सापडला.

सिन्नरी

एवढं वाचलं. कॅल्गरी झालं, कोलकाता झालं, इंग्लंड झालं. नाशिक जिल्ह्यातलं एक नाव नाही!

इंडी म्हणजे कुठल्या मोठ्या कंपनीच्या दारात न जाता स्वतःचं गाणं स्वतः काढणं, असंच ना? मग ऐका. आंबेडकरी चळवळीचे लोककवी वामनदादा कर्डक. जन्म 1922, देशवंडी, तालुका सिन्नर. अक्षरओळख झाली ती मोठेपणी. त्यानंतर हजारो गाणी लिहिली आणि गावोगाव पायी, एसटीने, मिळेल त्या गाडीने फिरून गायली. 2004 ला गेले. त्यांची आणि त्यांच्या वाटेने गेलेल्या गायन पार्ट्यांची गाणी आमच्याकडे यायची ती कॅसेटवर. तबकडीच्या काळात ते शक्य नव्हतं. एचएमव्ही या तबकड्यांच्या कंपनीचा कारखाना तिकडे कोलकात्याजवळ दमदमला, तिथे आमच्या वस्तीतल्या गायकाला कोण उभं करणार? कॅसेट आली आणि जिल्ह्याच्या गावातला माणूसही दोनशे-तीनशे प्रती काढू लागला. जयंतीला स्टॉलवर ठेवून विकायच्या. कव्हर एका रंगात छापलेलं, मागे गायकाचा पत्ता. याहून स्वतंत्र काय असतं?

माझ्या वडिलांची पेटी आहे. बेचाळीस कॅसेट. त्यातल्या एकोणीस मी गेल्या वर्षी पहिल्यांदा ऐकल्या, वडील गेल्यानंतर. त्यातलं एकही गाणं मला कुठल्या ॲपवर मिळालं नाही. यंत्र वाढेल कुठून? यंत्राकडे ते नाहीच.

सातपूर बेस

आदर आहे, पण विषय भलतीकडे नेऊ नका. ते चळवळीचं गाणं आहे, लोकसंगीत आहे. इंडी म्हणजे बँड, स्वतःची चाल, स्वतःचा साउंड. सगळ्याला इंडी म्हटलं तर शब्दाला अर्थच उरत नाही. उद्या आरतीची कॅसेटही इंडी होईल.

सिन्नरी

भलतीकडे? तुमच्या चौदा माणसांचं दुःख हा विषय आणि माझ्या बापाची पेटी भलतीकडे?

स्वतःची चाल म्हणता. त्या पार्ट्यांनी कव्वालीची बैठक घेतली, तमाशाची ढोलकी घेतली, 86-87 नंतर कॅसिओ कीबोर्ड घेतला आणि तिन्ही एकत्र वाजवलं. हेच काम गिटार घेऊन परदेशात कुणी केलं असतं तर तुम्ही त्याला साउंड म्हणाला असतात. आमच्याकडे झालं की लोकसंगीत. लोक म्हणजे कोण? प्रत्येक कव्हरवर गायकाचं नाव आहे, कवीचं आहे, ढोलकीवाल्याचंसुद्धा आहे. निनावी नव्हती ही माणसं. तुम्ही नाव वाचलं नाही.

सातपूर बेस

मी शिकायला तयार असतो, पण असं अंगावर येणार असाल तर बोलणं थांबवतो.

सिन्नरी

थांबवा. आमच्या बाबतीत सगळे थांबतातच.

जेल रोड

दोघंही थांबा जरा. माझं वय अडुसष्ट, आयुष्यभर टेप आणि डेक दुरुस्त केले, दोन्ही बाजूंचं थोडं सांगू शकतो.

पहिलं, सातपूरच्या पोराला. कंपनी नको ही व्याख्या धरली तर तुमची लाडकी माणसंही बाहेर जातील. इंडियन ओशनचा पहिला अल्बम 1993 ला एचएमव्हीनेच काढला. 'कंडिसा' टाइम्स म्युझिकचा. आणि त्याचं नाव ज्या गाण्यावरून पडलं ते केरळच्या ख्रिश्चनांचं सुरियानी भाषेतलं जुनं प्रार्थनागीत. आरती इंडी होईल म्हणून घाबरलात, ती कधीच झालीय.

दुसरं, सिन्नरच्या दादांना. वाद नंतर घाला, आधी पेटी बघा. चाळीस वर्षांपूर्वीच्या स्वस्त कॅसेटमधली टेप कोरडी होते, पट्टीवरची तपकिरी पावडर हेडवर, म्हणजे डेकमधल्या पट्टी वाचणाऱ्या भागावर, सुटते. पट्टीच्या कडेला पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी कॅसेट डेकमध्ये घालू नका, हेड खराब होईल आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागेल. नव्वद मिनिटांची असेल तर पट्टी पातळ असते, फास्ट फॉरवर्ड करू नका, तुटते. आतला स्पंजचा तुकडा गळून पडलेला असतो, तो दुसऱ्या कॅसेटचा काढून बसवता येतो. प्रत्येक कॅसेटनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. आणि एकदाच वाजवायची, त्याच वेळी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. दुसऱ्यांदा वाजेलच याची खात्री नसते.

सिन्नरी

पांढरे ठिपके आहेत. सहा-सातवर. मी त्या वाजवल्यात.

त्र्यंबक नाका

धागा माझा, आणि माझ्याच यादीत माझ्या जिल्ह्याचं नाव नव्हतं. हे टोचलं. दुकानदाराला दोष देत बसलो, पण सिन्नर इथून तीस किलोमीटर. तिथून काही यायला मुंबईचा माल पाठवणारा आडवा आला नव्हता. माझेच कान आडवे आले. एवढं मान्य करतो. पण मूळ मुद्दा सोडत नाही. सिन्नरी दादांनी एकोणीस कॅसेट गेल्या वर्षी पहिल्यांदा ऐकल्या, म्हणजे वीस-तीस वर्षं उशिरा. त्यांना कुणी फलाटावरचा हार म्हणेल का?

सातपूर बेस

त्यांना नाही म्हणणार. ठीक. ते वाक्य त्यांच्यापुरतं मागे घेतो. तुमच्यापुरतं नाही.

आणि ढोलकी-कॅसिओबद्दल माझं चुकलं असेल. ऐकल्याशिवाय बोललो. पण तासाचा हिशोब अजून तोच आहे. जुनं वाचवायला सगळे पुढे येतात, माझ्या आठव्या गाण्याला कोण येणार?

जुनी तांबट आळी

मी येईन. दिवस कळवा. पण सिनेमातलं वाजवलंत तर उठून जाईन.

जेल रोड

सिन्नरकर, घाबरू नका. वाजवल्यात म्हणजे पट्टी अजून शाबूत आहे. रविवारी सकाळी पेटी घेऊन या. उन्हात ठेवू नका, गाडीच्या डिकीतही नको, मांडीवर घ्या. माझ्याकडे दोन डेक आहेत, ठिपकेवाल्या कॅसेटसाठी जुना वापरू. साउंड कार्ड आणि केबल मात्र नाही.

सातपूर बेस

केबल आणि साउंड कार्ड माझ्याकडे आहे. किती वाजता?

सिन्नरी

नऊची एसटी धरतो. एक कॅसेट आहे, तिच्या ब बाजूला गाणं मध्येच तुटतं आणि वडिलांचा आवाज येतो, कुणाला तरी पाणी आणायला सांगतायत. ती सगळ्यात आधी करू.